एक जंगल, दोन समित्या: सामूहिक वनहक्काचं पत्र मिळाल्यावर कारभार नेमका कोणी आणि कसा चालवायचा?

निमाडउतार (इंदूर)

आम्ही तिघं इंदूरला राहून बडवानी जिल्ह्यातल्या एका गावाचं वनहक्काचं कागदकाम बघतो. तीन फलिये (पाडे), ११२ घरं, बहुतेक बारेला आदिवासी. सामूहिक वनसंपत्तीचं हक्कपत्र हातात आहे. क्षेत्र सुमारे २४० हेक्टर, दोन कक्षांत (वनखात्याने आखलेल्या तुकड्यांत) विभागलेलं. साग खुरटा, बाकी धावडा, सलई, अंजन, टेंभुर्णी, पळस, कडेला मोह. पत्र मिळालं तेव्हा ढोल वाजले, आता प्रश्नांची रांग लागली आहे.

१) गावात संयुक्त वनव्यवस्थापनातली जुनी वन समिती आहे. अध्यक्ष गावचा, सचिव नाकेदार (वनरक्षक), बँक खात्यावर दोघांच्या सह्या. वनहक्क कायद्याखाली ग्राम सभेने वेगळी समिती नेमली. आता वृक्षारोपणाचा प्रस्ताव आला की वनखातं जुन्या समितीचा ठराव घेऊन जातं आणि नव्या समितीला खड्डे खणलेले दिसतात तेव्हाच कळतं.
२) दिवाळीनंतर निम्मं गाव गुजरात-महाराष्ट्रात मजुरीला जातं. गणपूर्ती होत नाही.
३) शेजारच्या गावाचे लोक यातल्या एका कक्षातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूड-चारा नेतात. हक्कपत्र दाखवलं की ते निस्तार पत्रक (गावाच्या वहिवाटीच्या वापराची सरकारी नोंद) दाखवतात.
४) व्यवस्थापन आराखडा करा असं सगळेच सांगतात. त्यात काय असतं, हे सांगणारा भेटत नाही.
५) कुऱ्हाडबंदीसाठी दंड ठरवला तर तो कायदेशीर ठरतो का?

चळवळीची भाषणं बरीच ऐकली आहेत. कृपा करून कामाचं लिहा.

---

कलमदान

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचे पाचही प्रश्न मुळात एकच आहेत: निर्णय कोणाचा, हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. सगळे ‘मिळून’ करायचं ठरवतात आणि शेवटी ज्याच्या हातात रजिस्टर त्याचं चालतं.

दोन समित्यांचं घ्या. जुनी समिती शासनाच्या संकल्पातून जन्मली. केंद्राचं परिपत्रक १ जून १९९० चं, मध्य प्रदेशाचा पहिला संकल्प १९९१ चा आणि नंतर सुधारत २००१ चा. संकल्प म्हणजे प्रशासकीय आदेश. नवी समिती वनहक्क नियमांच्या ४(१)(ङ) मधून येते, तिच्यामागे संसदेचा कायदा आहे. दोघींचं वजन सारखं नाही. पण हे वजन आपोआप कामाला येत नाही, ते ठरावात उतरवावं लागतं.

ठरावात चार वाक्यं हवीत. हक्कपत्रातल्या क्षेत्राचं संरक्षण आणि व्यवस्थापन कलम ३(१)(झ) आणि कलम ५ नुसार ग्राम सभेकडे आहे. त्यासाठी ४(१)(ङ) ची समिती अमुक तारखेला नेमली, सदस्य हे. या क्षेत्रापुरते जुन्या वन समितीचे सर्व ठराव इथून पुढे ग्राम सभेच्या मंजुरीशिवाय लागू नाहीत. या क्षेत्रातल्या कोणत्याही कामाचा प्रस्ताव, जागा, प्रजाती आणि रक्कम यांसह, काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी ग्राम सभेपुढे यावा. प्रती वन मंडल अधिकारी, वनहक्काची उपखंड स्तरीय समिती आणि जिल्हा स्तरीय समितीला द्या आणि तिन्ही ठिकाणची पोच शिक्का-तारखेसह घ्या. ३० दिवस ही कायद्यातली मुदत नाही, ग्राम सभेने घातलेली अट आहे. म्हणून ती ठरावात असायलाच हवी.

वृक्षारोपण जुन्या समितीच्या ठरावावर का होतं, याचं उत्तर एका शब्दात आहे. भरपाई वनीकरण निधीच्या २०१८ च्या नियमांत ‘ग्राम सभा किंवा ग्राम वनव्यवस्थापन समिती’ यांच्याशी सल्लामसलत म्हटलं आहे. या ‘किंवा’तून खातं आपल्या सोयीचा ठराव उचलतं. जुनी समिती आपल्या क्षेत्रात बोलू शकत नाही, असं लिहून ठेवलंत की ‘किंवा’ची एक बाजू बंद होते.

गणपूर्तीबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पंचायत कायद्याची गणपूर्ती वेगळी, पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्राम सभांच्या कायद्याच्या नियमांची वेगळी, वनहक्काची वेगळी. वनहक्काच्या कामासाठी २०१२ च्या दुरुस्तीनंतर एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. (२०१२ च्या आधी दोन तृतीयांश लागायचे. जुनी पुस्तिका वापरत असाल तर फेकून द्या.) बैठक कोणत्या कायद्याखाली बोलावली ते सूचनेतच लिहा. अनेक चांगले ठराव केवळ या कारणाने नंतर निकामी ठरतात: बैठक पंचायतीची, विषय वनहक्काचा, आणि सह्या पंचायतीच्या गणपूर्तीपुरत्याच.

स्थलांतराला कायद्यात सूट नाही, पण तारखा आपल्या हातात आहेत. लोक भगोरियाला (होळीआधीचे आदिवासी हाट) आणि होळीला परत येतात, मोह वेचायला बरेच जण थांबतात, पेरणीपूर्वी पुन्हा सगळे असतात आणि दिवाळीला असतात. वर्षाच्या तीन मोठ्या बैठका या तीन वेळी ठेवा. भगोरियाच्या हाटाच्या दिवशी मात्र अजिबात नको, त्या दिवशी फलियात म्हातारी आणि कोंबड्याच उरतात. मधल्या काळात समिती रोजचं काम करेल, पण नवा नियम, खर्चाची मंजुरी आणि आराखड्यातला बदल हे तीन विषय मोठ्या बैठकीशिवाय होणार नाहीत, असं लिहून ठेवा. आणि एक: ग्राम सभा फलियाची हवी की गावाची, हे आत्ताच ठरवा. ११२ घरांत सव्वातीनशे-साडेतीनशे प्रौढ असतील, म्हणजे दीडशेच्या वर हजेरी लागते. तीन फलिये तीन दिशांना असतील तर ती जमणं कठीण. पण हक्कपत्र ज्या ग्राम सभेच्या नावे आहे तिलाच निर्णय घ्यावा लागेल. फलियांच्या बैठका तयारीच्या म्हणून घ्या.

शेजारचं गाव: नियम १२(३) वाचा. एकापेक्षा जास्त ग्राम सभा एकच जंगल वापरत असतील तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी (दावे तपासणाऱ्या, ४(१)(ङ) च्या नव्हे) एकत्र बसून वापराचं स्वरूप तपासायचं आणि लेखी निष्कर्ष आपापल्या ग्राम सभेपुढे ठेवायचा. तिथे सुटलं नाही तरच उपखंड समिती. हे दावा करताना व्हायला हवं होतं, तुमच्याकडे झालेलं दिसत नाही. आता तरी करा. निस्तार पत्रक खोटं नसतं. त्याची नक्कल काढा आणि त्यात नेमकं काय लिहिलं आहे ते पाहा: जळाऊ, चारा, इमारती लाकूड, की नुसता रस्ता. वापर मान्य करणं आणि व्यवस्थापन सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्यांना वापर द्या, नियम तुमचे.

दंडाचं: ‘दंड’ हा शब्दच टाळा. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आपसात मिटवून रक्कम घेण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याचा आहे, कलम ६८. ग्राम सभेने गुन्ह्याचा दंड घेतला अशी पावती निघाली तर उद्या तुमच्यावरच तक्रार होईल. कलम ५(घ) नुसार ग्राम सभा जंगलातला प्रवेश आणि वापर नियंत्रित करू शकते आणि आपले निर्णय पाळले जातील हे बघू शकते. तेव्हा ‘नियमभंगाची भरपाई’ असं नाव द्या, ती फक्त सदस्यांना लावा, पावती द्या, पैसे जंगलाच्या खात्यात टाका. बाहेरचा माणूस, इमारती लाकूड, वाहन किंवा शिकार असेल तर पंचनामा करा, फोटो काढा, माल आहे तिथे ठेवा आणि नाकेदाराला लेखी कळवा. जप्ती करायची नाही, कुऱ्हाड घरी आणायची नाही. अंगाला हात तर मुळीच नाही.

---

दोरीफुटे

कायद्याचं वर आलं. मी आराखड्यापुरतं बोलतो, कारण इथेच गावं अडकतात. कुणीतरी इंदूरहून सल्लागार आणतात, तो शंभर पानांचा रंगीत ग्रंथ देतो, आणि गावात तो कपाटावर धूळ खातो. चांगला आराखडा १२ ते १५ पानांचा असतो आणि त्यातली ४ पानं नकाशे असतात.

सीमा आधी. हक्कपत्रात चतुःसीमा बहुधा ‘पूर्वेस नाला’ अशा भाषेत असते. पाच-सहा जाणती माणसं, दोन बायका, शेजारच्या गावाचे दोघं, नाकेदार आणि पटवारी (तलाठी) यांच्यासोबत सीमा चाला. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर पाच-सात मीटरपर्यंत चुकतं, घळीत आणि दाट झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून नुसत्या रेषेवर विसंबू नका. प्रत्येक वळणावर एक बिंदू घ्या आणि त्याचं गावातलं नाव लिहा: बाबादेवाचा दगड, अमक्याचा कुंड, जोड-महू. वनखात्याचा मुनारा (सीमाखांब) जिथे सापडेल तिथे त्याचा क्रमांक आणि फोटो. मुनाऱ्याची जागा आणि हक्कपत्राची रेषा यांत फरक निघाला तर तो त्याच दिवशी पंचनाम्यात घाला. मध्य प्रदेशात नारंगी क्षेत्र हा आणखी एक घोळ आहे. महसूल आणि वन दोघांच्याही कागदांवर असलेली जमीन. तुमच्या कडेला तसा तुकडा असेल तर आराखड्यात तो वेगळ्या रंगात दाखवा आणि पहिली तीन वर्षं तिथे काही करू नका.

मग मोजणी. २४० हेक्टरला १ टक्का नमुना पुरे. म्हणजे २.४ हेक्टर, म्हणजे ०.१ हेक्टरचे २४ प्लॉट. गोल प्लॉट सोपा: मध्यभागी खुंटी आणि १७.८४ मीटरची दोरी. दोरी नायलॉनची घ्या, सुताची ओली झाली की आखडते. उतारावर दोरी जमिनीला लावायची नाही, आडवी धरायची, नाहीतर प्लॉट छोटा होतो आणि झाडं कमी भरतात. त्या वर्तुळात २० सेंटिमीटरहून जास्त घेराचं प्रत्येक झाड: जात, छातीच्या उंचीचा म्हणजे १.३७ मीटरवरचा घेर, आणि खोडावर घाव आहे का. मग त्याच मध्याभोवती ३ मीटर × ३ मीटरचा चौकोन आखून त्यातली रोपं आणि फुटवे मोजा. सहा जणांची तुकडी दिवसाला चार-पाच प्लॉट करते. जागा चिठ्ठीने ठरवा, नकाशावर चौकटी आखून. गावाला निवडू दिलं तर सगळे प्लॉट रस्त्याजवळ येतात, खात्याला निवडू दिलं तर सगळे उजाड टेकडीवर.

खरी माहिती रोपांच्या आकड्यात असते. मोठी झाडं कमी पण फुटवे भरपूर असतील तर वृक्षारोपणाची गरजच नाही. चराई आणि आग थांबवा, जंगल आपोआप उभं राहतं. हा आकडा हातात असेल तर सागाची रोपं लावायला आलेल्या माणसाला ‘इथे नको’ असं कागदावर सांगता येतं. नाहीतर तो भावनेचा मुद्दा होतो आणि भावनेला अंदाजपत्रकात ओळ नसते.

मग गावाची गरज. हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर करा. समजा घरटी आठवड्याला दोन मोळ्या, मोळी २० किलो. ११२ × २ × २० × ५२ = २,३२,९६० किलो. म्हणजे वर्षाला २३३ टन, हेक्टरी जवळपास १ टन. आता शेजारच्या गावाच्या आठवड्याला दोन बैलगाड्या धरा, गाडीत साडेचार क्विंटल, वर्षातले ४० आठवडे: ३६ टन. हा आकडा पाहिल्यावर बैठकीत शांतता होते, कारण ‘चोर बाहेरचे’ या समजावर सगळी आखणी बेतलेली असते. आकडे तुमचे तुम्ही काढा. मोळी खरोखर वजनकाट्यावर ठेवा, हाटातला काटा चालतो.

यानंतर क्षेत्राचे भाग पाडा. पाच भाग, दरवर्षी एक बंद असं पुस्तकी चक्र कोरड्या जंगलात फसतं, कारण एक वर्ष बंद ठेवलेला फुटवा दुसऱ्या वर्षी शेळीच्या तोंडाच्या उंचीवरच असतो. त्यापेक्षा एक तृतीयांश क्षेत्र सलग चार-पाच वर्षं चराईला बंद, तिथून गवत फक्त कापून न्यायचं आणि फुटवे जनावराच्या तोंडापलीकडे गेले की मगच पुढचा तुकडा. बंद भाग गावाजवळचा निवडू नका. तिथे रोज भांडण होईल.

आग. हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. दोन आगी गावच्याच हातच्या असतात: मोहाखालचा पाला जाळणं आणि टेंभुर्णीला नवी पालवी यावी म्हणून लावलेली. मोहाला पाला झाडाच्या घेरापुरता झाडून ढीग करा आणि सकाळी वारा पडलेला असताना माणूस उभा ठेवून जाळा, किंवा जाळी अंथरा. टेंभुर्णीला शाखकर्तन: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला झुडूप जमिनीलगत धारदार हत्याराने कापायचं. साधारण ४५ दिवसांत तोडण्याजोगं पान येतं. आगीनेही पान येतं, पण त्यासोबत वर मोजलेली सगळी रोपं जातात. जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) किती लांब जमेल याचा अंदाज बांधू नका. १०० मीटर एकदा साफ करा, किती माणसं आणि किती तास लागले ते मोजा आणि मग सीमेचं गणित करा.

---

निमाडउतार (इंदूर)

दोघांचेही आभार, प्लॉटची दोरी या रविवारीच आणतो. दोन उपप्रश्न. जुन्या समितीच्या खात्यात काही रक्कम आहे असं कळतं, किती ते कुणी सांगत नाही. ती नव्या खात्यात आणता येईल का? आणि तेंदूपत्ता (टेंभुर्णीचं, विडीचं पान): काही तरुण म्हणतात ग्राम सभेने स्वतः विकावा, पेसा आहे ना. म्हातारे म्हणतात लघु वनोपज संघाचा बोनस जाईल. कोणाचं ऐकायचं?

---

जमाखर्ची

म्हाताऱ्यांचं आधी ऐका, निर्णय नंतर करा.

तेंदूपत्त्याचा व्यापार मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्याने शासनाच्या हातात आहे. लघु वनोपज संघ १९८४ मध्ये झाला, आता त्याखालच्या प्राथमिक समित्या गोळा करतात. दुसरीकडे वनहक्क कायदा गौण वनोपजाची मालकी देतो, आणि राज्याचे पेसा नियम, नोव्हेंबर २०२२ चे, ग्राम सभेला स्वतः संकलन आणि विक्री करण्याची वाट देतात. बडवानी संपूर्ण अनुसूचित जिल्हा असल्याने तुम्हाला ही वाट आहे. (इंदूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. चोरल-मानपूरकडच्या कुणी हे वाचून पेसाचा ठराव करू नये, तिथे वनहक्क कायदाच धरावा.) तसा ठराव डिसेंबरातच करून कळवावा लागतो. एप्रिलात जाग आली तर ते वर्ष गेलं.

आता पैसे. मानक बोरा म्हणजे १००० गड्ड्या, गड्डीत ५० पानं. २०२४ पासून संघाचा दर बोऱ्याला ४००० रुपये, म्हणजे गड्डीला ४ रुपये. शिवाय नफ्यातला हिस्सा आणि विमा वगैरे योजना. ग्राम सभेने स्वतः करायचं तर समजा २०० बोरे: नुसती मजुरी ८ लाख, तीही दर आठवड्याला रोख, कारण तोडणारी बाई महिनाभर थांबणार नाही. हे ८ लाख कोणाचे? व्यापाऱ्याचे असतील तर करारात पुढच्या गोष्टी नसतील तर सहीच करू नका.

फड (पान गोळा करण्याचं ठिकाण) उघडण्याआधी अग्रिम खात्यात जमा, चेक नव्हे. भाव बोऱ्याचा आणि बोरा १००० गड्ड्यांचाच, कारण व्यापारी ‘खराब पाना’च्या नावाखाली शेकड्यामागे गड्ड्या जादा मागतो. त्याची नावं बदलतात, कापणी तीच. मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने फडावर वाळत घातलेलं पान काळं पडलं तर नुकसान कोणाचं, ते स्पष्ट: गड्डी मोजून फड मुंशीने नोंद केली त्या क्षणापासून माल व्यापाऱ्याचा. शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय शेवटच्या गाडीचा वाहतूक परवाना निघणार नाही. परवाना ग्राम सभेची समिती देते, तेच तुमचं खरं हत्यार आहे, ते पहिल्याच दिवशी सगळं पुस्तक सह्या करून देऊन घालवू नका. भाव कोसळला की व्यापारी येतच नाही आणि लेखी काही नसेल तर मजुरी ग्राम सभेच्या डोक्यावर बसते.

म्हणून पहिलं वर्ष संघाकडेच राहू द्या. त्या वर्षी फडावर गावाची समांतर वही ठेवा: घर, तारीख, गड्ड्या, मिळालेले पैसे. हंगामाअखेर नेमकं उत्पादन हातात येईल. तो आकडा नसताना केलेली निविदा म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून घोडा विकणं.

जुनी रक्कम: आधी माहिती अधिकाराखाली गेल्या पाच वर्षांचं बँक विवरण, रोकडवही आणि प्रमाणकं मागा. ३० दिवस लागतात. मग दोन ढीग करा. खात्याने विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा, आणि लाभांशापोटी गावाचा म्हणून आलेला पैसा. पहिला त्या कामाशिवाय वळवता येत नाही. दुसऱ्यासाठी जुन्या समितीच्या आमसभेचा ठराव आणि ग्राम सभेचा ठराव असे दोन्ही लागतील. दोन्हींत माणसं तीच आहेत, एकाच दिवशी लागोपाठ घ्या. पण रजिस्टर वेगळी ठेवा.

नवं खातं तीन सह्यांचं, त्यातल्या दोन लागतील असं. तिघांत किमान एक बाई आणि तिघं तीन फलियांतले. स्थलांतर करणारा माणूस सहीला नको, हे सांगायला लागू नये पण लागतं. एटीएम कार्ड घेऊच नका. बँक नियमावली आणि पॅन मागेल. पॅन कोणत्या वर्गात काढायचा ते सीएला विचारून ठरवा, कारण पुढे व्यापारी कर कापून पैसे देतो तेव्हा परतावा त्यावर अवलंबून असतो. आणि महिन्यातून एकदा जमा-खर्च शाळेच्या भिंतीवर रंगाने. बारेलीत मोठ्याने वाचूनही. कागद चिकटवला तर शेळी खाते.

---

धानोरा रोड (गडचिरोली)

कलमदान यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. जुन्या समितीला पहिल्याच ठरावात कोपऱ्यात ढकलणं कायद्याने बरोबर असेल, पण व्यवहारात नाकेदार शत्रू होतो. मग जाळरेषेला मदत नाही, आगीची खबर नाही, पंचनाम्यावर सही नाही. क्रम उलटा ठेवा: आधी सीमा आणि मोजणी त्याला सोबत घेऊन, मग आराखडा, मग ठराव. तोवर तोही त्या आकड्यांचा साक्षीदार झालेला असतो.

आराखड्याच्या मंजुरीसाठी कुणी खेटे घालायला लावलं तर नियम ४(१)(च) पुढे ठेवा. ग्राम सभेची समिती आराखडा करते आणि तो खात्याच्या कार्य आयोजनेशी (वर्किंग प्लॅनशी) जोडताना लागतील ते बदल ‘समितीला आवश्यक वाटतील तसे’ करायचे आहेत. म्हणजे दुरुस्तीची लेखणी समितीच्या हातात. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही आहेत, त्या जोडा.

आमच्याकडची दोन उदाहरणं सारखी सांगितली जातात, पण त्यातून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक. मधली दोन वर्षं कशात गेली? हक्क होता, परवाना कोणी द्यायचा यावर अडलं होतं. तेव्हा हक्कपत्रानंतर लगेच परवान्याचा नमुना, शिक्का आणि सहीचे नमुने जिल्ह्याला पाठवून ठेवा, विकायला काही नसलं तरी. दुसरं पाचगाव, जिल्हा चंद्रपूर. त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग. बांबूचं उत्पन्न हाती होतं म्हणून ते परवडलं. तुमच्याकडे बांबू नाही, तेव्हा तो नियम जसाच्या तसा उचलू नका.

मतदान घेऊ नका. ११२ घरांत ६० विरुद्ध ५२ असा निर्णय झाला तर ५२ घरं तो मोडायला मोकळी. नियम कमी ठेवा, पहिल्या वर्षी तीनच. सर्वसहमती होत नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ जातो, जाऊ द्या.

---

कलमदान

धानोरा रोड यांचा क्रम मान्य. फक्त एक दुरुस्ती: ठराव नंतर करा, पण ‘या क्षेत्रातल्या कामाची पूर्वसूचना द्यावी’ एवढं पत्र आजच द्या. मोजणी होईपर्यंत पावसाळा येतो आणि खड्डे त्याआधीच खणले जातात.

---

पाळीची काठी

राखणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ओडिशातली ठेंगापाळीची रीत उचला. रोज चार घरांची पाळी, चार काठ्या. फिरून आल्यावर काठी पुढच्या घराच्या दाराशी टेकवायची. सकाळी दाराशी काठी दिसली की पाळी कळली, वहीची आणि शिपायाची गरज नाही. ११२ घरांना २८ दिवसांनी पाळी येते. मजुरीला गेलेल्या घराने बदली द्यायची किंवा एका दिवसाच्या मजुरीच्या निम्मे पैसे. पूर्ण मजुरी लावली तर ते घर नियमाबाहेरच निघून जातं. काठी दोन दिवस एकाच दारात राहिली तर शेजारीण बोलते, तेवढी भरपाई बहुतेक वेळा पुरते.

नियमभंगाच्या पायऱ्या: पहिल्यांदा बैठकीत नाव आणि नोंद, दुसऱ्यांदा जाळरेषेवर एक दिवस काम, तिसऱ्यांदा पैसे आणि त्या हंगामाचं गवत बंद. थेट पैशापासून सुरुवात केली की गरीब घर भरतं आणि पटेलाचं (गावप्रमुखाचं) नातेवाईक घर सुटतं. वाद वाढला तर पेसा नियमांतली शांती आणि विवाद निवारण समिती आहेच, तिच्यात राखणीची माणसं घालू नका. पकडणारा आणि न्याय करणारा वेगळा हवा.

आणि कुऱ्हाडबंदीच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी बैठक घ्या, पुरुषांना न बोलावता. जंगल बंद करायचा ठराव पुरुष करतात आणि तीन किलोमीटर लांबून मोळी बाई आणते. त्यांना विचारलंत तर सांगतील की कोणत्या टेकाडावर वाळलेलं लाकूड अजून शिल्लक आहे आणि पावसाळ्यातले कोणते दोन महिने चुलीला खरोखर काही नसतं. आषाढ-श्रावणासाठी उन्हाळ्यात वाळलेल्या फांद्यांचा घरटी साठा किती करू द्यायचा, तो आकडा त्या बैठकीतून घ्या आणि नियमात पहिला तोच लिहा.

---

निमाडउतार (इंदूर)

पूर्वसूचनेचं पत्र आज टाइप केलं, सोमवारी तिन्ही ठिकाणी देऊन पोच घेतो. सीमा चालायला नाकेदार तयार आहे, शेजारच्या गावाचा पटेल ‘होळीनंतर बघू’ म्हणतो. दोरीफुटे, एक विचारायचं राहिलं: नाल्याच्या घळीत एखादा प्लॉट आला आणि दोरी फिरवायलाच जागा नसेल तर?

---

दोरीफुटे

प्लॉट हलवू नका. जेवढा भाग चालता येतो तेवढा मोजा आणि न मोजलेला भाग वर्तुळाचा साधारण किती ते लिहा: पाव, अर्धा. घळीतच अंजनाची जुनी झाडं आणि ओल असते. तो प्लॉट सपाटीवर सरकवला तर पाण्याची जागा आराखड्यातून गायब होते. आणि घळीत शिरताना मधमाश्यांचं पोळं आधी बघा.